ओढाताणीवर उभं चाक

सायकलच्या दुकानातून एक सुटा आरा मागून आणा. दुकानदार त्याला तार म्हणेल किंवा स्पोक म्हणेल, वस्तू तीच. लांबी वीतभराहून थोडी जास्त, जाडी दोन मिलिमीटर, एका टोकाला काटकोनात वळवलेलं चपटं डोकं, दुसऱ्या टोकाला बारीक आटे. तो टेबलावर उभा धरा आणि वरून तळव्याने दाबा. आरा लगेच पोट काढतो. अजून दाबलात तर कमान होऊन हातातून निसटतो.

किती भाराला तो वाकावा, याचं सूत्र लेओनार्ड ऑयलर हा स्विस गणितज्ञ अठराव्या शतकातच लिहून गेला आहे. त्यात 29 सेंटिमीटर लांबी, 2 मिलिमीटर जाडी आणि पोलादाचा ताठपणा घातला, की उत्तर येतं साधारण दोन किलो. टोकं पक्की आवळून धरली तरी फार तर सात-आठ किलो. हीच तार दाबायच्या ऐवजी दोन्ही टोकांनी ओढा. पोलाद चांगलं असेल तर तुटायला तीनशे किलोच्या आसपास ओढ लागते. एकाच तारेचे हे दोन आकडे, आणि त्यांच्यात शंभर-दीडशे पटींचा फरक.

अशा बत्तीस, छत्तीस किंवा चाळीस तारांच्या भरवशावर गॅसवाला भरलेले सिलिंडर मागे टांगून चढ चढतो, मुंबईचा डबेवाला सायकलला डबेच डबे लटकावून गर्दीतून वाट काढतो, आणि कुणी पोराला पुढच्या दांडीवर, बायकोला कॅरिअरवर बसवून जत्रेला जातं. दोन किलोला वाकणारी तार हे सगळं पेलते, कारण तिच्यावर दाबलं जायची वेळच कुणी येऊ देत नाही. चाक जुळवतानाच प्रत्येक तार इतकी ओढून ठेवलेली असते, की वरून नेहमीचं वजन पडलं तरी तिची ओढ कमी-जास्त होते, संपत मात्र नाही. चाक डगमगणं, चाकाचा आऊट येणं, म्हणजे बाहेरची रिम वाकडी फिरणं, आरे तुटणं आणि त्यातून होणारे अपघात यांचं मूळ बहुतेक वेळा याच ओढीच्या बिघडलेल्या हिशोबात असतं.

बैलगाडीच्या चाकाचा कारभार बरोबर उलटा. मध्ये लाकडी तुंबा, त्यात ठोकून बसवलेले मनगटाएवढे आरे, बाहेर लाकडाचाच घेर. ओझं कण्यातून तुंब्यावर येतं, तुंब्यातून त्या क्षणी खाली असलेल्या आऱ्यावर, आणि त्याला दाबत जमिनीत जातं. म्हणून आरा जाड हवा, म्हणून चाक जड. या चाकातली खरी करामत मात्र सुतारापेक्षा लोहाराच्या हातात असते. लोखंडी धाव घेरापेक्षा किंचित लहान करायची, भट्टीत लाल करून फुगवायची, फुगलेली असतानाच चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना धाव आक्रसते आणि सगळं लाकूड आतल्या बाजूला आवळून टाकते. म्हणजे गाडीत एकही पोतं पडायच्या आधी ते चाक दाबून तयार असतं. सायकलच्या चाकात हीच युक्ती दिशा बदलून आली: भार पडण्याआधीच ओढून ठेवायचं. गावच्या लोहाराला पूर्वताणाचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. फ्रेंच अभियंता यूजीन फ्रेसिने याने पूर्वताणित काँक्रीटचं पेटंट 1928 मध्ये घेतलं. धाव चढवणारे हात त्याच्या कितीतरी आधीपासून तेच करत होते.

ओढलेल्या तारांचं चाक प्रथम सुचलं ते सायकलसाठी नव्हेच. तेव्हा सायकल अस्तित्वातच नव्हती. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा सर जॉर्ज केली याला उडणारं यंत्र करायचं होतं, आणि उडायचं तर चाकं हलकी हवीत. 1808 मध्ये त्याने आपल्या वहीत नोंद केली, की जाड लाकडी आरे काढून टाकावेत आणि घेर ताणलेल्या दोऱ्यांनी मधल्या तुंब्याला बांधावा. पुढे 1853 मध्ये त्याच्या ग्लायडरमधून एक माणूस दरी ओलांडून गेला. पण जगाच्या रोजच्या उपयोगी पडली ती चाकाची कल्पना. 1869 मध्ये पॅरिसच्या यूजीन मेयरने तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. पाठोपाठ कॉव्हेंट्रीचा जेम्स स्टार्ली उंच चाकाच्या सायकली करू लागला आणि 1874 मध्ये त्याने आरे तिरपे बसवायची पद्धत काढली.

हे तिरपेपण नीट बघण्यासारखं आहे. कोणत्याही साध्या सायकलच्या मागच्या चाकाकडे पाहा. आरे हबच्या, म्हणजे मधल्या तुंब्याच्या, मध्यातून सूर्यकिरणांसारखे सरळ निघत नाहीत. ते हबच्या कडेला जवळजवळ स्पर्शून निघतात, एक पुढे झुकलेला, दुसरा मागे, आणि वाटेत एकमेकांना छेदतात. चेन हबला फिरवते तेव्हा मागे झुकलेले आरे रिमला ओढून नेतात. सगळे सरळ असते तर हब आधी थोडा नुसताच फिरला असता, आरे मुळाशी पिळले गेले असते, आणि प्रत्येक पॅडलला ती पिळवणूक झाली असती. पुढच्या चाकाला चेन नसते, म्हणून तिथे सरळ आऱ्यांची हौस परवडते. काही रेसिंग सायकलींना तसे असतातही.

इथे एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. 1888 मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान सुरू केलं. पुढचे नांगर, पंप, इंजिनं, किर्लोस्करवाडी हे सगळं त्या दुकानाच्या मागून आलं. महाराष्ट्राच्या कारखानदारीचा एक मोठा धागा असा थेट सायकलच्या चाकापाशी जाऊन पोचतो.

आता चाकाच्या आत डोकावू. समजा मागच्या चाकात 36 आरे आहेत आणि प्रत्येक आरा 100 किलोच्या जोराने ओढलेला आहे. चांगल्या जुळवलेल्या आधुनिक चाकात ओढ याच्या आसपास असते. सगळ्यांची बेरीज झाली 3600 किलो, साडेतीन टनांहून अधिक. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, कुणीही न बसलेल्या सायकलच्या एका चाकात एवढी रस्सीखेच चाललेली असते, आणि चाक आवाजसुद्धा करत नाही, कारण प्रत्येक ओढीला समोरून तेवढीच ओढ आहे. रिम या सगळ्यांनी आतल्या बाजूला आवळलेली. गणित केलं तर तिच्या घेरात पावणेसहाशे किलोच्या आसपास दाब भरतो. संधी मिळाली तर ती कुठेतरी बाजूला वाकून हा दाब मोकळा करील. डाव्या-उजव्या आऱ्यांनी दोन्हीकडून धरून ठेवल्यामुळे तिला ती संधी मिळत नाही.

अशा सायकलवर माणूस बसला, मागच्या चाकावर साठेक किलो आले, तर ते कोण उचलतं? वरच्या आऱ्यांना हब लटकतो, असं बरेच जण सांगतात. खालचा आरा दाबला जाणार नाही हे त्यांना कळलेलं असतं, त्यामुळे उत्तर पटतंही. पण मोजमाप वेगळंच सांगतं. जॉब्स्ट ब्रँट या कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याने संगणकावर चाकाचं गणित मांडलं आणि 1981 मध्ये ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात ते छापलं. वजन पडल्यावर वरच्या आणि बाजूच्या आऱ्यांच्या ओढीत नावापुरता फरक पडतो. खरा फरक पडतो तो जमिनीलगतच्या तीन-चार-पाच आऱ्यांत, आणि तोही उलट्या बाजूने: त्यांची ओढ कमी होते.

ओढ कमी होऊन आधार मिळतो कसा? खालचा आरा हबला 100 किलोने खाली खेचतोय, वरचा 100 किलोने वर. हब जागच्या जागी. सायकलवर बसल्याबरोबर जमीन रिमला खालून किंचित चपटं करते, खालच्या आऱ्याचा ताण थोडा सैल होतो, समजा 80 वर येतो. वरचा अजून 100 नेच खेचतोय. वीस किलोचा फरक हबला वर उचलून धरतो. असे तीन-चार आरे मिळून साठ किलो सहज निघतात. मला हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा सायकलकडे बघायची नजरच बदलली. आपलं वजन ज्या आऱ्यांवर असतं, तेच आरे त्या क्षणी चाकात सगळ्यात सैल असतात.

याहून थक्क करणारा आकडा पुढे आहे. 100 किलोची ओढ बसली की 29 सेंटिमीटरचा आरा ताणून लांब होतो किती? जेमतेम 0.46 मिलिमीटर. आऱ्याच्या टोकाला रिममध्ये जी छोटी पितळी नट असते, जिला निपल म्हणतात, तिचे आटे इंचाला 56, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात ती 0.45 मिलिमीटर सरकते. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. रिम जागची हलली नाही असं धरलं, तर निपलचा एकच फेरा म्हणजे आऱ्याचा जवळजवळ सगळा जोर. चाकाची सगळी ताकद प्रत्येक आऱ्याच्या या अर्ध्या मिलिमीटरहून कमी ताणात साठवलेली आहे. आऊट काढणारा मिस्त्री पाव-पाव फेऱ्यानेच का जातो, याचं उत्तर इथेच मिळतं. घरी पाना हातात आला की दणादण दोन फेरे मारणाऱ्यांचं चाक आधीपेक्षा वाकडं का होतं, त्याचंही.

ओढलेल्या आऱ्यांची ही कल्पना मोठी करत नेली तरी मोडत नाही. शिकागोच्या 1893 च्या जागतिक प्रदर्शनात फेरिस या अभियंत्याने उभारलेला अडीचशे फुटांहून उंच पाळणा ओढलेल्या आऱ्यांचाच होता. लंडनला थेम्स नदीकाठी असलेला 135 मीटर उंचीचा ‘लंडन आय’ पोलादी दोरांनी मधल्या आसाला बांधलेला आहे.

सायकलच्या चाकाकडे परत येऊ. आरे सैल असतील तर काय होतं ते आता सहज कळेल. आऱ्यात ओढच 15 किलोची असेल आणि खाली आल्यावर त्याला 20 किलो सोडून द्यायचे असतील, तर तो मध्येच ढिला पडतो. ढिला पडलेला आरा रिमला बाजूने धरू शकत नाही. शिवाय ओढ नसली की निपल आट्यांवर मोकळी होते आणि खडखडाटाने स्वतःच थोडी उलगडते. पुढच्या फेऱ्यात आरा आणखी सैल. सैल चाक अशा रीतीने आपोआप अधिक सैल होत जातं, आणि एका खड्ड्यात रिम एकदम लाटेसारखी वळून बसते. लोक म्हणतात, आरे फार घट्ट केले की तुटतात. माझं मत उलट आहे. मर्यादेबाहेर आवळलं तर रिमच्या भोकांपाशी चिरा जातात, जोरात ब्रेक लावल्यावर रिमसुद्धा वळू शकते, हे खरं. पण रस्त्यावरचे बहुतेक आरे घट्टपणाने मरत नाहीत, सैलपणाने मरतात.

तेही एकदम मरत नाहीत, थकून मरतात. 28 इंची चाक किलोमीटरमागे साडेचारशेच्या आसपास फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आरा एकदा सैल होतो, एकदा पुन्हा ताणला जातो. रोज दहा किलोमीटर जाणाऱ्याच्या चाकात एकेका आऱ्याला दिवसाला साडेचार हजार हेलकावे बसतात. धातूला असा थकवा येतो हे ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं होतं. एकदा पेलता येणारा भार लाखो वेळा पेलावा लागला, की बारीक चीर पडते आणि ती वाढत जाते. म्हणून आरा मध्ये तुटत नाही. हबपाशी जिथे त्याचं डोकं वळवलेलं असतं, तिथेच तुटतो. वळवताना तिथल्या पोलादात जे ताण अडकून राहतात ते काढायला एक जुना उपाय आहे: नवं चाक जुळवल्यावर समांतर आऱ्यांच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळायच्या. वळणं हबला नीट बसतात, अडकलेले ताण सुटतात. हातमोजे घालून करा, आरे तळव्यात रुततात.

आता डगमगणाऱ्या चाकाकडे वळू. पण पाना उचलण्याआधी डगमगतंय काय ते ओळखायला हवं. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा, चाकाला झोका द्या आणि टायरकडे न बघता रिमच्या कडेकडे बघा. रिम सरळ फिरतेय आणि टायर नाचतोय, तर टायर नीट बसलेला नाही किंवा आतून फाटलाय. आऱ्यांना हात लावायचं कारण नाही. मग चाक थांबवा, रिम वरच्या बाजूला पकडा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. टकटक जाणवली तर दोष हबमध्ये आहे: छर्रे धरून ठेवणारे कोन सैल झालेत, छर्रे झिजलेत, क्वचित आसच मोडलाय. सैल हबवर आऊट काढणं म्हणजे फुकट मेहनत, चाक दर मिनिटाला वेगळं दिसेल. मग एकेक आरा बोटांनी चाचपा. तुटलेला असेल तर आधी तो बदलायचा. या तिन्ही गोष्टी ठीक असतील तरच आऊट.

कोपऱ्यावरच्या दुकानात ‘काका, जरा आऊट काढून द्या’ म्हटलं, की मिस्त्री गळ्यापर्यंत भरलेल्या पत्र्याच्या डब्यातून रुपयाएवढा गोल पाना काढतो. त्याच्या कडेला निपलच्या मापांच्या खाचा असतात. दुसऱ्या हातात खडू. खडूचा हात तो चिमट्यावर, म्हणजे फोर्कवर टेकवतो, टोक रिमपासून किंचित लांब ठेवतो, चाक हलकेच फिरवतो आणि खडू हळूहळू आत सरकवतो. रिम जिथे बाहेर आली आहे तिथेच टोक घासतं आणि पांढरी रेघ उमटते. रेघ उजव्या कडेला पडली, तर रिम तिथे उजवीकडे आली आहे. म्हणजे रेघेच्या मध्यावरचा डावीकडे जाणारा आरा पाव फेरा आवळायचा, शेजारचे उजवे आरे त्याहून थोडे कमी सोडायचे. एकीकडे घ्यायचं तेवढं दुसरीकडे सोडायचं, नाहीतर रिम सरळ होताना आतही खेचली जाते. रेघ पुसायची, पुन्हा फिरवायचं.

पाना कुठल्या दिशेने, यात नव्याने शिकणारा हमखास फसतो. निपल आवळायची ती टायरच्या बाजूने पाहिलं असता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. सायकल उलटी असताना वरच्या निपलकडे आपण टायरच्या बाजूनेच बघतो, त्यामुळे तिथे नेहमीच्या स्क्रूसारखंच. तीच निपल फिरून खाली गेली, की आपण हबच्या बाजूने बघतो आणि दिशा उलटी दिसते. सोपा उपाय हा, की काम नेहमी चाकाच्या वरच्या टोकाशी करायचं आणि जागा बदलायची नाही. चाक फिरतं, आपण फिरायचं नाही.

हे काम तबला लावण्याच्या फार जवळचं आहे. तिथेही एक गोल चामडं, त्याला घेराभर ओढणारी वादी, आणि सोळा घरं. वादक एका घरापाशी गजऱ्यावर हातोडी मारतो, की समोरच्या घराचा स्वर हलतो, म्हणून लगेच तिकडे कान लावतो. एकाच घराला ठोकून तबला लागत नाही आणि एकाच आऱ्याला आवळून चाक सरळ होत नाही. कानाचं काम तर दोन्हीकडे आहेच. आऱ्याला नखाने छेडलं की तो वाजतो, आणि तारेचं शास्त्र इथे तंतोतंत लागू पडतं: ओढ चौपट झाली की स्वर एका सप्तकाने चढतो. चांगल्या चाकात एका बाजूचे आरे साधारण एकाच स्वरात बोलतात. मध्येच एखादा ठसठस वाजला तर तो सैल आहे, चाक डोळ्यांना सरळ दिसत असलं तरी. डाव्या बाजूची तुलना डाव्याशीच करा. गिअरवाल्या सायकलच्या मागच्या हबवर उजवीकडे गिअरची चकती बसते, त्यामुळे तिकडचे आरे अधिक उभे असतात आणि रिम मध्ये राखायला त्यांना डाव्यांपेक्षा बरंच जास्त ओढून ठेवावं लागतं. तिथे दोन बाजूंचे स्वर वेगळे असायलाच हवेत.

चाक आडवं आधी डगमगतं आणि उभं उशिरा, याचं कारण भूमितीत आहे. हबच्या दोन कडांमधलं अंतर सहा-सात सेंटिमीटर, आरा तीसेक सेंटिमीटर लांब. इतक्या चिंचोळ्या कोनात 100 किलोच्या ओढीतले जेमतेम दहा-अकरा किलो बाजूला खेचण्याच्या कामी येतात, बाकी सगळे सरळ हबकडे. म्हणून सरळ खड्डा चाक पचवतं. फुटपाथच्या कडेला तिरकं घासलेलं किंवा स्टँडवर शेजारच्या सायकलींच्या ढिगाखाली दबलेलं चाक वाकतं.

उभा आऊटही असतो. रिम फिरताना एका जागी वर उसळते. तिथे डावा-उजवा दोन्ही आरे सारखेच थोडे आवळायचे, मग ती आत येते. उलट एखादी जागा आत गेली असेल आणि रिमची कडाच चेपलेली असेल, तर आरे सोडून फारसं साधत नाही. दगडाने ठोकून कडा बाहेर काढलेली रिम मी पाहिली आहे. रोजच्या कामाला तेवढ्यापुरती चालेल, उताराला नाही. निपल गंजली असेल तर रात्रभर तेलाचा थेंब सोडून ठेवा. जबरदस्ती केली की तिचे कोपरे घासून गोल होतात आणि पाना धरेनासा होतो. खूप आवळावं लागलं असेल तर टायर काढून आतून एकदा बोट फिरवा. निपलच्या वर डोकावणारं आऱ्याचं टोक रिमच्या पट्टीतून ट्यूबला भोक पाडतं, आणि मग पंक्चर नेहमी आतल्या बाजूला का होतं ते कळत नाही.

किती आऊट चालतो, हे ब्रेकवर ठरतं. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला दांड्यांचे ब्रेक असतात. त्यांचे रबर रिमच्या हबकडच्या अंगाला खालून वर ओढले जातात, कडेला चिमटत नाहीत. त्यामुळे ही सायकल दोन-तीन मिलिमीटर डुलली तरी ब्रेक लागतो, आणि उभा आऊट मात्र लगेच हाताला जाणवतो. दूधवाल्याच्या सायकलीचं चाक वर्षानुवर्षं डुलताना दिसतं आणि त्याचं काही बिघडत नाही, याचं हे एक कारण. दुसरं असं, की या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 आरे असतात, ओझं मागे येतं हे धरूनच. कडेला दोन्हीकडून चिमटणारे ब्रेक असले की ही सवलत गेली. तिथे मिलिमीटरभर आऊटसुद्धा रबराला दर फेऱ्यात एकदा झटका देतो. ओल्या रस्त्यावर, बोरघाटासारख्या उतारावर, पुढचं चाक असं धक्क्या-धक्क्याने अडलं तर घसरायला तेवढं पुरतं. डिस्क ब्रेकवाल्यांची रिम ब्रेकला लागत नाही, म्हणून आऊट दिसतच नाही. पण आरे सैल झालेले असतातच, आणि डिस्कच्या ब्रेकचा सगळा झटका हबमधून त्याच आऱ्यांवर येतो. त्यांनी अधूनमधून आरे छेडून ऐकावेत.

चिमटणारे ब्रेक रिमला खातातही. रबरात अडकलेली वाळू अॅल्युमिनियम घासत राहते आणि ब्रेकचा पट्टा हळूहळू खोलगट होतो. बोट फिरवून खळगा लागला, किंवा रिमवर खूण म्हणून पाडलेली बारीक खाच दिसेनाशी झाली, तर रिम बदलायची वेळ झाली. पातळ झालेली भिंत टायरमधल्या हवेच्या दाबाने फाटते, आणि ती फाटते तेव्हा पूर्वसूचना देत नाही. आऱ्याच्या भोकांभोवती चिरा दिसल्या तरी तेच. अशा रिमचा आऊट काढून देणारा मिस्त्री उपकार करत नसतो.

चाक किती का सरळ असेना, ते चिमट्यातून निसटलं तर सगळं व्यर्थ. साध्या सायकलीला दोन नट असतात. पंक्चर काढून चाक परत बसवलं की ते स्वतः आवळून बघायचे. खटक्याचं लीव्हर असलेल्या सायकलीत गडबड अधिक होते. हा शोध तुल्लियो काम्पान्योलो या इटालियन सायकलपटूचा. 1927 मध्ये क्रोचे दाउने घाटात बर्फ पडत असताना गोठलेल्या बोटांनी चाकाचा नट सुटेना, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. ते लीव्हर स्क्रूसारखं गरागरा फिरवून आवळायचं नसतं. ते बाजूला दाबून मिटायचं असतं, आणि मिटताना तळव्यावर वळ उमटण्याइतका जोर लागायला हवा. सहज मिटलं तर उघडा, समोरची नट थोडी फिरवा, पुन्हा मिटा. मग पुढचं चाक उचलून वरून एक थाप मारा, ते जागचं हलता कामा नये.

वाटेत आरा तुटला तर तुटका तुकडा शेजारच्या आऱ्याभोवती गुंडाळा म्हणजे तो चिमट्यात अडकणार नाही, रिम घासत असेल तर ब्रेक थोडा सैल करा आणि सावकाश घर गाठा. बत्तीस-छत्तीसमधला एक गेला तर चाक लगेच कोसळत नाही, पण त्याचा वाटा शेजाऱ्यांवर पडतो आणि काही दिवसांत त्यांच्यातलाच एखादा जातो. तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, उजवीकडचा, फ्रीव्हीलच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चकतीच्या, आड दडलेला. तो बदलायला आधी फ्रीव्हील काढावं लागतं, आणि वर्षानुवर्षांच्या पॅडलिंगने ते असं आवळून बसलेलं असतं, की मिस्त्री पाना शिकंजात धरून अख्खं चाकच स्टिअरिंगसारखं फिरवतो. या एका आऱ्याचे तो पुढच्या चाकाच्या आऱ्यापेक्षा जास्त पैसे मागतो. घासाघीस करू नका.